कॅम्परच्या स्लाइडआऊटमध्ये कार्पेटऐवजी व्हिनाइल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

स्लाइडआऊट, म्हणजे बाहेर सरकणारा कप्पा, असलेल्या कॅम्परमधले (राहण्याची सोय असलेल्या गाडीतले) कार्पेट काढून व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची पातळ फरशी, बसवायची असेल, तर दुकानात गेल्यावर रंग, नक्षी आणि दर या तिन्हींच्या आधी जाडी विचारावी, हे मला एकच काम दोनदा करून घेतल्यावर समजले. पहिल्या खेपेचे पैसे वाया गेले आणि दुसऱ्या खेपेचे सार्थकी लागले. माल दोन्ही वेळा म्हापशाच्या एकाच दुकानातून आला होता. त्या दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रारीचा अर्धा भाग त्यांच्या वाट्याचा असला, तरी उरलेला अर्धा माझ्याही वाट्याला येतो.

आमची गाडी मिनीबसच्या चासीवर बांधलेली आहे. ती आम्ही बंगळूरहून सेकंडहँड आणली आणि गेली चार वर्षे ती फोंड्याला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते. निवृत्तीनंतर आम्ही दोघे वर्षातून चार-पाच वेळा तिच्यातून बाहेर पडतो. गोव्यातल्या बहुतेक कॅम्परना नसलेली एक गोष्ट तिच्यात आहे, ती म्हणजे डाव्या बाजूचा स्लाइडआऊट. गाडी उभी केली की मोटरच्या जोरावर भिंतीसकट बाहेर सरकणारा हा कप्पा असतो. आमच्या गाडीत त्यावर बसायचा सोफा आणि घडीचे टेबल आहे. अमेरिकेतल्या कॅम्परांमध्ये अशी रचना १९९० च्या दशकापासून रूढ झाली. आपल्याकडे ती तुरळक दिसते, त्यामुळे फ्लोअरिंगचे काम करणाऱ्या बहुतेक माणसांनी ती पाहिलेली नसते. आमच्या कप्प्याचा तळ सात फूट लांब आणि अडीच फूट खोल आहे. तो गाडीच्या मुख्य तळाहून थोडा वर आहे आणि आत सरकताना मुख्य तळावरूनच पुढे येतो. त्याच्या आतल्या कडेखाली दोन लहान रोलर आहेत, तेही मुख्य तळावरूनच धावतात. पुढे जे काही झाले, ते सारे या दोन रोलरांमुळे झाले.

बांधणाऱ्याने गाडीभर करड्या रंगाचे कार्पेट का घातले होते, याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. समुद्रकिनारी फिरणाऱ्या गाडीत कार्पेट म्हणजे वाळूचे पेव. चोर्ला घाटातून आलो की तांबडी माती, केरीहून आलो की वाळू, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओल्या गोणपाटासारखा वास. ऊन पडले की दारे-खिडक्या उघड्या टाकायच्या, धूप घालायचा, बेकिंग सोडा भुरभुरवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच वास घ्यायचा. कार्पेट काढल्यावर मात्र ते घालण्यामागचे कारण कळले. कार्पेट चुका झाकते. कप्प्याची कड सरळ नसेल, तळात दोन-तीन मिलिमीटरचा चढउतार असेल, रोलर एका बाजूला जरा जास्त दाबत असेल, तर ते सगळे कार्पेट आपल्या जाडीत पोटात घालते. कडेवरून खाली वळवून स्टेपल मारले की कप्प्याची फटही दिसत नाही. व्हिनाइल यातले काहीच पोटात घालत नाही, म्हणून या कामात फरशी बसवण्याइतकेच महत्त्व फरशीखालच्या गोष्टींना आहे.

कार्पेट आम्हीच काढले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सोफ्याचा पाया उघडून मी आणि आमचे हे, दोघे पक्कड आणि पटाशी घेऊन बसलो. कार्पेट पाऊण तासात निघाले, स्टेपल काढायला मात्र दोन दिवस लागले. खाऱ्या हवेने ते इतके गंजले होते की पकडीत धरताच मधोमध तुटत आणि दोन टोके प्लायमध्येच राहत. जी टोके निघाली नाहीत, ती हातोडीने आत ठोकून घ्यावी लागली, कारण पातळ व्हिनाइलखाली राहिलेले टोक काही दिवसांत वर पुळी होऊन दिसते. कार्पेटखाली एक रुपयाची दोन नाणी, एक केसाचा आकडा आणि मूठभर वाळू सापडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कप्प्याच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात प्लाय काळा पडलेला सापडला. पेचकस टेकवला तर पाव इंच आत गेला आणि पापडासारखे पापुद्रे सुटून आले.

येथे घाई केली असती, तर पुढचे सगळे फुकट गेले असते. कार्पेटमधून ओल निदान वर येऊन सुकते. व्हिनाइल पाणी आरपार जाऊ देत नाही, त्यामुळे खालून किंवा कडेने शिरलेले पाणी त्याच्याखाली अडकून राहते आणि प्लाय गुपचूप कुजत जातो. म्हणून आधी गळतीचे मूळ शोधले. कप्पा पूर्ण बाहेर काढून यांनी बाहेरून नळीने पाणी सोडले आणि मी आत विजेरी घेऊन बसले. छताकडून काही आले नाही. चार मिनिटांनी खालच्या कोपऱ्यातल्या रबरी गॅस्केटजवळून पाण्याची बारीक रेघ आत आली. तेथे रबर कडक होऊन चिरले होते. गॅस्केट बदलले, आठवडाभर पंखा लावून तळ सुकवला आणि कुजलेला फूटभर भाग कापून तेथे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय बसवून घेतला. त्याच्या कापलेल्या कडांना सीलर लावला, कारण प्लाय पाणी पितो तो मुख्यतः कडेनेच. एवढ्याला मजुरीसकट २,८०० रुपये लागले आणि सबंध कामातला सर्वांत शहाणा खर्च तोच ठरला.

आता माल. बाजारात व्हिनाइल या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे गुंडाळी. ती दीड-दोन मिलिमीटर जाडीची, रुंद आणि स्वस्त असते व तिला मध्ये जोड लागत नाहीत, पण सोफ्याचे पाय आणि खांब चुकवत ती एकसंध कापणे हे कसबी माणसाचे काम आहे. दुसरी एलव्हीटी, म्हणजे गोंदाने चिकटवायच्या लवचीक पट्ट्या. त्या बहुधा दोन ते तीन मिलिमीटर जाड असतात. तिसरी एसपीसी. तिच्या गाभ्यात दगडाची भुकटी असते आणि पट्ट्या एकमेकींत खटकन अडकतात. तिला गोंद लागत नाही आणि ती चार मिलिमीटरपासून पुढे मिळते. घरासाठी तिसरी वस्तू सोयीची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हापशाच्या दुकानदारानेही तीच पुढे केली. ती पाण्याने फुगत नाही, हे त्याने एक तुकडा बादलीत बुडवून दाखवले. मी भाळले. गाडीत स्लाइडआऊट आहे, हे मी सांगितले होते. त्यावर “मॅडम, आम्ही बोटीतही बसवून दिले आहे” असे उत्तर आले आणि मी पुढे काही विचारले नाही. बोटीचा तळ आत-बाहेर सरकत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते.

दुकानाची दोन मुले ठरल्या वेळी आली, हे आधी नोंदवते, कारण गोव्यात त्याचे अप्रूप आहे. त्यांनी पाच मिलिमीटरची एसपीसी मुख्य तळावर दिवसभरात बसवली. जोड सुरेख होते, कोपरे नेमके कापलेले होते, आणि संध्याकाळी गाडीत पाऊल टाकल्यावर नव्या घरात आल्यासारखे वाटले. मग कप्पा आत घेण्याचे बटण दाबले. अर्ध्यापर्यंत तो आला, नंतर मोटरचा आवाज जड झाला, कप्प्याची आतली कड किंचित वर उचलली गेली आणि ब्रेकर पडला. पुन्हा बाहेर काढून पाहिले तर दोन्ही रोलरांच्या वाटेवरचे जोड उखडले होते आणि एका पट्टीची खाच तुटून तिचा ओठ वर आला होता. रोलर ज्या उंचीवर लावले होते, ती उंची दबलेल्या कार्पेटसाठी होती. कार्पेट दिसायला जाड असले, तरी वजनाखाली तीन-चार मिलिमीटरवर येते आणि एसपीसी पाचाची पाचच राहते.

दुसरी अडचण मुलांच्याही ध्यानात आली नव्हती. खटक्याने जोडलेली फरशी तळाला चिकटवलेली नसते. उष्णतेने ती सर्व बाजूंनी थोडी सरकावी, म्हणून भिंतीलगत फट ठेवतात. कप्पा आत आला की त्याचा भार तिच्या एका बाजूवर बसतो आणि ती बाजू जखडली जाते. फोंड्याच्या मे महिन्यात बंद गाडीचे आतले तापमान सकाळ-दुपारमध्ये वीस अंशांनी सहज बदलते. अशा वेळी एकीकडे जखडलेली फरशी दुसरीकडे फुगते किंवा जोडाशी उघडते. वजनाचाही प्रश्न होताच. पाच मिलिमीटरची एसपीसी चौरस मीटरला सुमारे दहा किलो भरते, अडीच मिलिमीटरची एलव्हीटी चार-साडेचार किलो. कप्प्यापुरता हा फरक आठ-नऊ किलोंचाच असला, तरी ते वजन दर वेळी मोटरलाच ओढावे लागते.

दुकानाने न उघडलेली खोकी परत घेतली, याबद्दल त्यांना गुण द्यायला हवेत. वापरलेल्या अठ्ठेचाळीस चौरस फुटांचे ६,२४० रुपये आणि त्या दिवसाची मजुरी मात्र त्यांनी सोडली नाही. “घरात असे कधी होत नाही” हे त्यांचे म्हणणे खरे होते आणि निरुपयोगीही होते. मालाला मी पाचपैकी साडेचार देईन, कारागिरीला चार, सल्ल्याला दीड. कॅम्परच्या कामासाठी येथे जाणाऱ्याने माल घ्यावा आणि सल्ला आपल्या मोजपट्टीकडून घ्यावा.

दुसरी खेप बांदोड्याच्या एका मेस्तांनी केली. ते मुळात सुतार आहेत, फ्लोअरिंगवाले नव्हेत. मी पूर्वी शिकवत असल्यामुळे आमच्याकडे येणारे बहुतेक कारागीर मला बाई म्हणतात, तसे तेही म्हणतात. त्यांनी आल्या आल्या फरशीविषयी एक शब्दही काढला नाही. कप्पा तीन वेळा आत-बाहेर करायला लावला आणि स्वतः जमिनीला गाल लावून रोलरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी घरात पत्त्यांचा कॅट आहे का, असे विचारले. उघड्या प्लायवर रोलरखाली एकेक पत्ता सरकवत, किती पत्त्यांवर रोलर घट्ट होतो, हे त्यांनी कप्पा पूर्ण आत, मधोमध आणि जवळजवळ पूर्ण बाहेर अशा तीन ठिकाणी मोजले. पुढच्या रोलरखाली तेरा पत्ते गेले, मागच्याखाली अकरा. दहा पत्त्यांची जाडी साधारण तीन मिलिमीटर भरते, म्हणजे एका बाजूला चार मिलिमीटरला जराशी कमी जागा होती आणि दुसऱ्या बाजूला सव्वातीनच. “बाई, हांगा पातळच जाय” (येथे पातळच हवे), एवढे कोकणीत बोलून त्यांनी पत्ते पुन्हा नीट डबीत भरून दिले. सहा हजारांच्या एसपीसीपुढे तीस रुपयांचा कॅट भारी पडला.

त्याच दुकानातून मग अडीच मिलिमीटरची एलव्हीटी आणली. तिच्या वरच्या पारदर्शक थराची जाडी अर्धा मिलिमीटर आहे. फरशी किती वर्षे टिकणार, हे एकूण जाडीपेक्षा या थरावर ठरते. घरगुती मालात तो ०.३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो आणि वाळूच्या प्रदेशात मी तो घेणार नाही. चौरस फुटाला १२० रुपये दर पडला. पासष्ट चौरस फुटांसाठी ऐंशी फूट घेतले, कारण लहान जागेत कापाकापीची नासाडी मोठी होते. पट्ट्या दोन दिवस गाडीतच आडव्या ठेवल्या, म्हणजे त्या तेथल्या तापमानाला रुळतात.

गोंदाबाबत थोडे अधिक लिहिते, कारण येथे बरेच जण फसतात. आपल्याकडे सनमायकासाठी वापरला जाणारा पिवळा रबरी गोंद सर्वांच्या हातचा असतो आणि पहिल्या मुलांनी कडांना तोच लावला होता. मऊ व्हिनाइलमध्ये लवचीकपणासाठी घातलेले द्रव्य हळूहळू अशा गोंदात झिरपते, त्याला लिबलिबीत करते आणि गरमीत पट्टी सरकू लागते. व्हिनाइलसाठी अॅक्रिलिकचा वेगळा गोंद मिळतो. तो दुधासारखा पांढरा असतो, दातेरी थापीने पसरवायचा असतो, आणि पांढरेपणा जाऊन तो पारदर्शक व बोटाला चिकटणारा होईपर्यंत त्यावर काहीही ठेवायचे नसते. डब्यावर अर्धा तास लिहिले होते. एप्रिलअखेरच्या आमच्या दमट हवेत पन्नास मिनिटे लागली. मेस्त तेवढा वेळ खरोखर थांबले आणि मध्येच उकड्या तांदळाची पेज पिऊन आले. पट्ट्या बसल्यावर त्या दाबायला वजनदार रोलर वापरतात, पण तो गाडीत मावणारा नव्हता, म्हणून त्यांनी माझे पोळीचे लाटणे मागितले. ते मी परत घेतले नाही.

या कामाचा खरा कस दोन ठिकाणी लागला. पहिले ठिकाण म्हणजे रोलरांची वाट. व्हिनाइल कितीही चांगले असले, तरी अरुंद रोलर एकाच रेषेत पुनःपुन्हा दाबला तर तेथे चर पडतो. मेस्तांनी त्या दोन्ही वाटांवर दोन-दोन इंच रुंदीचे व्हिनाइल कापून काढले आणि तेथे एचडीपीईच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या बसवल्या. हॉटेलांत मासळी कापायचे पांढरे पाट असतात, त्याच जातीचे हे प्लास्टिक आहे. गुळगुळीत आणि चिवट. पट्टी फरशीहून अर्धा मिलिमीटर वर राहते, म्हणून तिच्या कडा रंध्याने किंचित उतरत्या केल्या. मागच्या रोलरखाली जागा जेमतेम उरली होती, तेथे रोलरचा बोल्ट अर्धा फेरा वर घेऊन भागले. रोज पाहणाऱ्याला त्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात, हे मान्य करते. आमच्या यांना त्या आवडत नाहीत. मला त्या रेल्वेच्या रुळांसारख्या वाटतात आणि कप्पा त्यांवरून आवाज न करता सरकतो, एवढे मला पुरते.

दुसरे ठिकाण कप्प्याची पुढची कड. कार्पेट तेथून खाली वळवता येत होते, पण अडीच मिलिमीटरची पट्टी काटकोनात वळत नाही. पहिल्या मुलांनी तेथे ॲल्युमिनियमची एल-पट्टी स्क्रूने लावायचे ठरवले होते. स्क्रूचे डोके पाव मिलिमीटर जरी बाहेर राहिले असते, तरी प्रत्येक वेळी कप्पा आत येताना खालच्या फरशीवर ओरखडा पडला असता. मेस्तांनी सागवानाची सहा मिलिमीटरची बीडिंग गोल रंधून कडेला चिकटवली, तिच्या खालच्या अंगाला फेल्टची पट्टी लावली आणि स्क्रू एकही वापरला नाही. ही फेल्ट झिजते. आठ महिन्यांत ती एकदा बदलावी लागली, खर्च शंभर रुपये. सर्व मिळून मेस्तांनी तीन दिवसांचे ६,५०० रुपये घेतले आणि कोणी अधिक मागितले असते, तरी मी दिले असते.

आता जानेवारी आहे. मधल्या काळात उन्हाळा, पूर्ण पावसाळा आणि चवथीला सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी केलेली चिखलाची वारी होऊन गेली. वास गेला. ही एकच गोष्ट लिहून थांबले असते, तरी हा खर्च योग्य होता असे म्हणता आले असते. जुलैत मी मुद्दाम दर आठवड्याला त्या कोपऱ्यातली सैल ठेवलेली एक पट्टी उचलून पाहत होते. प्लाय कोरडा राहिला. चिखल ओल्या फडक्याने दोन मिनिटांत निघतो. मे महिन्यातल्या उन्हाने उजव्या खिडकीखालच्या दोन पट्ट्यांमध्ये नखाएवढी फट पडली आहे, ती वाढलेली नाही. आता तेथे दुपारी पडदा ओढून ठेवते.

तोटे लपवण्याचे कारण नाही. गाडीतला आवाज वाढला आहे. कार्पेट इंजिनाची घरघर आणि भांड्यांची खडखड दोन्ही शोषून घेत होते, आता चमचा पडला तरी दचकायला होते. दमट रात्री अनवाणी पाय फरशीला चिकटतात, म्हणून सोफ्यापुढे सुती सतरंजी घालते. कप्पा आत घेण्यापूर्वी ती न चुकता उचलावी लागते. दारात मी रबरी तळाचे पायपुसणे ठेवले होते. तीन महिन्यांनी उचलले तर खाली पिवळसर चौकोन उमटला होता आणि तो कशानेही निघत नाही. रबरातली द्रव्ये व्हिनाइलला असा डाग देतात. दुकानात हे कोणी सांगितले नाही आणि डब्यावरही मला दिसले नाही. आता तेथे काथ्याचे पायपुसणे आहे.

सर्वांत मोठा बदल सवयीत करावा लागला. कार्पेट असताना वाळू असली तरी बटण दाबत होतो. आता एक खडा बीडिंगखाली आला तरी फरशीवर हातभर रेघ उमटते. अशी एक रेघ मोरजीहून परतताना माझ्याच हातून उमटली आहे. तेव्हापासून कप्पा आत घेण्याआधी झाडू, मग ओले फडके, मग पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट, आणि त्यानंतरच बटण, असा क्रम ठरला आहे. यांना तो संध्याकाळच्या दिवाबत्तीइतका काटेकोर वाटतो, पण झाडू तेच मारतात.

उरलेल्या पाच पट्ट्या मी पलंगाखाली आडव्या ठेवल्या आहेत. पहिले काही दिवस त्या कपाटात उभ्या होत्या आणि तेवढ्यातच मधोमध वाकू लागल्या होत्या. मोरजीची रेघ पडलेली पट्टी त्यांतल्या एकीने बदलायची आहे. त्यासाठी मेस्तांना पुढच्या आठवड्यात बोलावले आहे आणि लाटणेही त्यांच्याकडेच आहे.